पौषातले तळे आणि गावाची वहिवाट

तळे पाहावे ते श्रावणात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु तळ्याकाठच्या वास्तव्याचे खरे सुख ज्याला भोगायचे असेल त्याने पौषाची थंडी निवडावी आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या जुन्या मालगुजारी मुलखात, नवेगाव बांधासारख्या एखाद्या जलाशयाच्या काठी चार दिवस मुक्काम करावा, असे मी आग्रहपूर्वक सांगेन.

या दिवसांत तिथे पारा पुष्कळदा 10 अंशांच्या खाली उतरतो. पाणी मात्र सावकाश निवते, त्यामुळे पहाटे ते हवेपेक्षा उबदार असते आणि त्यावरून उठणारी वाफ गारठ्यात निवून धुक्याचा एक पातळ थर तळ्यावर पसरतो. उन्हे वर आली, धुके विरले, की हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, जोडीजोडीने वावरणारे चक्रवाक आणि उथळ पाण्यात माना बुडवून चरणारी नाना जातींची बदके दृष्टीस पडू लागतात. तेवढ्यात मासेमार ढीवराचा डोंगा काठाला लागतो. जाळ्यातून मरळ आणि शिंगी टोपलीत पडतात. पाळीखालच्या बांध्यांत, धान उभे असतानाच पेरलेली लाखोरी निव्वळ मातीतल्या ओलीवर वाढून निळ्या फुलांनी डवरलेली असते आणि तिचा कोवळा पाला भाजीसाठी खुडणाऱ्या बायकांच्या बोलण्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. पाणी, पक्षी, पीक आणि मनुष्य यांचे इतके निकट सान्निध्य दुसऱ्या कोणत्याही ऋतूत आढळत नाही.

ही शोभा केवळ निसर्गदत्त आहे असे मानणे मात्र पूर्वजांवर अन्याय करण्यासारखे होईल. पूर्व विदर्भातले हजारो तलाव मनुष्यनिर्मित आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाच्या कौशल्याचा वाटा फार मोठा आहे. नवेगावचा बांध ज्याच्या नावावर सांगितला जातो, त्या कोलू पाटलाला लोकांनी कोलासूर म्हणून देवत्व दिले. तलाव दुरुस्त ठेवणे आणि त्याचे पाणी वाटणे ही कामे मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, अमदानीत वहिवाटीने चालत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी बरखास्त झाली, हे न्यायाला धरूनच झाले. रयतेचे निस्ताराचे, म्हणजे गावच्या सामायिक पाणी-रानाच्या वापराचे, हक्कही दप्तरी कायम राहिले. पण पाळीची डागडुजी आणि गाळाचा उपसा गावाने आपले म्हणून करावा, ही जी जुनी रीत होती, ती तलाव सरकारजमा झाल्यावर सैल पडत गेली.

आता या तळ्यांकडे सुशोभीकरणाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे, आणि माझी चिंता नेमकी इथे आहे. खरिपाला पाणी सोडल्यावर तळे आकसते, उतरता काठ उघडा पडतो, आणि त्या चिखलातले कंद, बिया व किडे यांवर पाहुणे पक्षी हिवाळा काढतात. तो काठ काँक्रीटच्या भिंतीने बंद केला आणि पाण्यात यांत्रिक नौका फिरवल्या, तर दिवे लागतील, बाकेही मांडली जातील, परंतु ज्याच्यासाठी तिथे बसावे असे काहीच समोर उरणार नाही.

याच्या उलट, याच मुलखातल्या काही गावांत ढीवरांच्या सहकारी संस्थांनी तळ्यात माजलेली बेशरम नावाची तणवनस्पती उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्यांच्या आश्रयाने मासळी व पक्षी दोन्ही परतू लागले. ज्यांचा चरितार्थ तळ्यावर अवलंबून आहे, त्यांनाच तळ्याचे मर्म अधिक कळते, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

म्हणून माझी सूचना अशी की, कोणत्याही तळ्याच्या विकासाची तजवीज ग्रामसभा आणि ढीवरांची संस्था यांच्या संमतीवाचून मंजूर होऊ नये. निधी प्रथम गाळ, पाळ आणि पाटाच्या मोऱ्या यांवर खर्च व्हावा. आणि हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्याच घरांतून व्हावी, म्हणजे त्यांचा पैसा तळे राखणाऱ्यांच्या हाती पडेल. तळ्याकाठी चार दिवस सुखाने राहणाऱ्या प्रत्येकावर त्या तळ्याचे ऋण चढते, आणि ते फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.