अंदाजपंचे औषध

'फुप्फुसाच्या कॅन्सरवर आता गोळी निघाली आहे' हे वाक्य हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर सहज फिरते. ते खोटे नाही. पण गोळी कोणासाठी, हा त्यातला कळीचा भाग वाटेत गळून जातो आणि तिथेच घात होतो.

२००४ साली बोस्टनच्या संशोधकांनी जेफिटिनिब या गोळीचे कोडे उलगडले. मोजक्याच रुग्णांना ती विलक्षण लागू पडत होती, कारण त्यांच्या गाठीतल्या ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल झालेला होता. पुढे २००९ मध्ये हाँगकाँगचे टोनी मोक आणि सहकाऱ्यांनी 'आयपास' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बदल असलेल्यांमध्ये गोळी केमोपेक्षा सरस ठरली. बदल नसलेल्यांचा आजार मात्र त्याच गोळीवर केमोपेक्षा लवकर बळावला. 'देऊन तर बघू, गोळीच आहे' हा उदारपणा रुग्णाच्या अंगाशी येतो, तो असा.

म्हणून कर्करोगतज्ज्ञाचे निम्मे काम औषध लिहिण्याआधीच झालेले असते. सुईच्या बायोप्सीत हाती येतात ते शेवयांसारखे दोन-चार बारीक तुकडे. ते फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जातात. कॅन्सर कुठला, हे ठरवताना एकामागून एक रंगपरीक्षा होतात आणि दरवेळी ब्लॉकची आणखी एक चकती कापली जाते. जनुकीय तपासणीची पाळी येईपर्यंत कधी कधी ब्लॉकमध्ये मेणच उरते. मग पुन्हा सुई, पुन्हा प्रतीक्षा. तोवर धाप लागलेला रुग्ण आणि 'काहीतरी सुरू करा हो डॉक्टर' म्हणणारे नातेवाईक. रक्तातून होणारी तपासणी इथे मदतीला येते, पण तिच्यात बदल सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असे म्हणता येत नाही.

याहून जुना अंदाज आपल्याकडे पहिल्याच पायरीवर बसलेला आहे. खोकला, वजन घटलेले, एक्स-रेवर डाग: बेडका न तपासताच टीबीची औषधे सुरू. टीबी आपल्याकडे अमाप आहे, त्यामुळे डॉक्टरला दोष देणे सोपे नाही. पण सीबीनॅटसारखी तपासणी उपलब्ध असताना नुसत्या डागावर महिनोन्‌महिने औषधे चालवणे समर्थनीय नाही. डाग हटत नाही, आवाज बसतो, छातीत पाणी होते, आणि मग परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरली जाते. तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

'पण त्या तर कधी विडीला शिवल्या नाहीत' हे उत्तरही आता पुरत नाही. तंबाखू आजही सर्वांत मोठे कारण आहेच. मात्र बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच कर्करोगकारक ठरवले. २०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने त्यामागची एक यंत्रणा मांडली: निरोगी फुप्फुसात ईजीएफआरचा बदल असलेल्या काही पेशी आधीपासून सुप्त असू शकतात; हवेतल्या सूक्ष्म कणांनी होणारा दाह त्यांना चेतवतो. तेव्हा धूम्रपान न करणाऱ्या बाईचा न हटणारा खोकला 'तिला कसा होईल?' म्हणून बाजूला सारणे हा तितकाच धोक्याचा अंदाज.

टाटा रुग्णालयातल्या वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आदींनी ३५० रुग्णांवर केलेली चाचणी या संदर्भात पाहावी. त्यात नवे महागडे औषध नव्हते. जेफिटिनिबला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन या परिचित केमोची जोड दिली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. दुष्परिणामही वाढले, हे सांगायला हवे. पण चाचणीत घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीत ईजीएफआरचा बदल आहे, याची खात्री आधी केलेली होती. जिल्ह्याच्या गावी असा अहवाल वेळेत मिळण्याची सोय होत नाही, तोवर तिथल्या रुग्णाला हे वाढीव आठ महिने मिळणार नाहीत, मग गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत का असेना.