फिटनेस गाडीचा की कागदाचा?

आपल्या जिल्ह्यातील काळ्या-पिवळ्या जीपचा चालक 'फिटनेस' म्हणत नाही, 'पासिंग' म्हणतो. पासिंग झाले की वर्षभराची काळजी मिटली असे त्याला वाटते, आणि मागे दाटीवाटीने बसलेला प्रवासीही तेच गृहीत धरतो. दहा-बारा वर्षे जुनी, चार-साडेचार लाख किलोमीटर पळालेली टॅक्सी पासिंग होते, तेव्हा नेमके काय सिद्ध होते? ती गाडी त्या दिवशी, रिकामी असताना, ब्रेक दाबल्यावर थांबली. एवढेच!

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 56 सांगते की, योग्यता प्रमाणपत्र नसेल तर भाड्याने चालणारी गाडी वैध नोंदणीकृतच मानली जाणार नाही. इतका हा कागद मोलाचा. पण तो किती काळासाठी द्यायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 62 ठरवतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचे आणि त्यापुढील गाडीला एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळते. म्हणजे हिशेब वर्षांचा आहे, किलोमीटरचा नाही. दिवे, हॉर्न, वायपर, आरसा, स्टीअरिंग, ब्रेक, धूर हे सारे तपासायचे. स्पीडोमीटर चालतो का हेही पाहायचे. परंतु गाडी आजवर किती पळाली, याचा प्रमाणपत्राच्या मुदतीशी काडीचा संबंध नाही.

साधे गणित करू. नगर शहरात स्टेशन ते माळीवाडा फिरणारी टॅक्सी दिवसाला 50 किलोमीटर धावते असे धरा. शिर्डी ते शनिशिंगणापूर भाविकांची ने-आण करणारी दुसरी गाडी एकाच फेरीत जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर कापते. वर्षाचे 300 दिवस धरले तर पहिली 15 हजार, दुसरी 45 हजार. दहा वर्षांत दीड लाख विरुद्ध साडेचार लाख! दुसरीचे बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेक ड्रम, चेसिसचे वेल्डिंग तिप्पट झिजले. कायद्याच्या लेखी मात्र दोघी जुळ्या बहिणी. दोघींनाही एकच वर्ष, एकाच नमुन्याचा कागद.

आता तपासणीकडे वळू. पूर्वी ती कशी होत असे, हे पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून चव्हाट्यावर आणले. 2016 मध्ये न्यायालयाने ब्रेक तपासण्यासाठी प्रत्येक कार्यालयाला 250 मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे, असे बजावले. शासनाने चालढकल केली, तेव्हा 2017 च्या नोव्हेंबरपासून ट्रॅक नसलेल्या कार्यालयांना फिटनेस देण्यास मनाई झाली. 2018 च्या सुरुवातीला राज्यात परिवहन खात्याचे 37 अधिकारी निलंबित झाले. म्हणजे त्याआधी वर्षानुवर्षे जे कागद वाटले गेले, त्यांची किंमत काय होती? ज्यांचे जीव त्या कागदांवर विसंबले होते, त्यांना कोणी विचारले का?

ट्रॅक हवाच, यात दुमत नाही. पण 250 मीटरचा सपाट ट्रॅक करंजी घाट नव्हे. भरलेली जीप घाट उतरते तेव्हा ब्रेक ड्रम तापत जातो, तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटत जाते आणि पॅडल पायाखाली खोल जाऊ लागते. थंड ड्रमवर, रिकाम्या गाडीने, एकदाच मारलेल्या ब्रेकमध्ये हे कुठे दिसणार? शिवाय पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावायचे आणि संध्याकाळी उतरवून परत द्यायचे, ही युक्ती कोणत्या स्टँडवर ठाऊक नाही?

यावर सरकारचे उत्तर यंत्र. 2021 च्या नियमांनी स्वयंचलित तपासणी केंद्रे आली. चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, आकडा संगणकात जातो. यंत्र चिरीमिरी मागत नाही, हे मान्य. केंद्र चालवणाऱ्याने गाडी दुरुस्तीचा किंवा विक्रीचा धंदा करू नये, ही अटही चांगली. तरी गंजलेली चेसिस पाहायला अखेर माणूसच खाली वाकणार, आणि किलोमीटरचा प्रश्न यंत्रानेही सुटलेला नाही.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. तिथे टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी त्या हिशेबाने 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. लोकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. मला त्यात वेगळेच दिसते. शासनाचा स्वतःच्या तपासणीवर भरवसा असता तर वयाची रेघ ओढावी लागली असती का? निगा राखलेली 20 वर्षांची गाडी बाद आणि पिळून काढलेली नऊ वर्षांची गाडी पास, असा हा न्याय!

याचा भार कोणावर पडतो ते पाहा. आपल्या वस्तीतील तरुण फायनान्स कंपनीकडून, कधी महात्मा फुले महामंडळाच्या योजनेतून कर्ज काढून जुनी गाडी घेतो. फिटनेस संपला की दिवसाला 50 रुपये जादा शुल्क, अशी तरतूद केंद्राने डिसेंबर 2016 मध्ये केली. महाराष्ट्रात 2024 मध्ये ती वसुली सुरू होताच रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये राज्याला स्थगिती द्यावी लागली. अशा दंडाच्या धाकाने गाडी दुरुस्त होत नाही. चालक एजंटच्या दारात जातो.

आणि अपघात झालाच तर? फिटनेस संपलेला असेल तर विमा कंपनी तोच मुद्दा पुढे करते. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2018 मध्ये परीद पिल्ले प्रकरणात हा विमा कराराचा मूलभूत भंग मानला. जखमीला भरपाई द्यायची आणि ती मालकाकडून वसूल करायची मोकळीक कंपनीला मिळाली. कागद नसेल तर मालक बुडतो. पण कागद असून ब्रेक निकामी निघाला, तर कागदावर सही करणाऱ्याला कोणी साधी नोटीस तरी काढते काय?

म्हणून संघटनांनी 'वयोमर्यादा वाढवा, शुल्क कमी करा' एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक तपासणीत मीटरचे रीडिंग नोंदवा. ठराविक किलोमीटरनंतर ब्रेक, स्टीअरिंग आणि चेसिसची जादा तपासणी करा, मात्र तिचे शुल्क गरीब मालकाकडून घेऊ नका. ब्रेकचा आकडा प्रवाशाला दिसेल असा गाडीत लावा, या मागण्या परिवहन आयुक्तांकडे लेखी गेल्या पाहिजेत.

तोवर आपल्या चालक बांधवांनी एक करावे. गाडी नापास झाली तर 'उद्या या' ऐकून परत फिरू नये, कारण लेखी मागावे. कार्यालयाने नाकारल्यास कलम 57 खाली 30 दिवसांत अपील करता येते. स्वयंचलित केंद्रात नापास झाल्यास फेरतपासणीची आणि अपिलाची वेगळी तरतूद आहे. फेरतपासणीतही गाडी नापास झाली तर ती थेट भंगारात काढण्यायोग्य ठरू शकते, म्हणून पहिल्या निकालाची प्रत हातात घेऊन, त्यातील दोष मेकॅनिकला दाखवूनच पुन्हा जावे. अर्जावर मीटरचे रीडिंग आपणच लिहावे आणि पोच घ्यावी.