रुग्णनोंदींचीही परीक्षा हवी

आपल्यापैकी पुष्कळांच्या चिकित्सालयात केसपेपरची जागा आता संगणकाने घेतली आहे. रुग्णाची प्रकृती, नाडी, जिव्हा, अग्निबल, दिलेला कल्प, त्याची मात्रा व अनुपान हे सारे एकाच डेटाबेसमध्ये साठते. परंतु त्या डेटाबेसची स्वतःची प्रकृती कशी आहे, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही. वहीला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. संगणकातील बिघाड मात्र महिनोन्महिने अव्यक्त राहू शकतो.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांवर गुदरलेला प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. त्यांचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर चालतो. नोंद साठवली जात असतानाच वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडेना. तंत्रज्ञाने येताक्षणी, प्रत न काढता, 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवले. फाइल उघडली, सर्वांना हायसे वाटले. पंधरा दिवसांनी त्वग्विकाराची एक जुनी रुग्णा आली, तेव्हा तिच्या मधल्या अनेक महिन्यांच्या नोंदी नाहीशा झाल्याचे ध्यानी आले. तिला आरोग्यवर्धिनी चालू होती. कज्जली व ताम्रभस्म असलेला हा कल्प किती काळ दिला, मध्ये कधी थांबवला, हे कळण्यास मार्ग उरला नाही. तिला विचारले, तर "तुम्ही दिल्या त्याच गोळ्या, डॉक्टर," एवढेच उत्तर. अखेर औषध थांबवून, तिच्या घरातील जुन्या चिठ्ठ्या जुळवत बसावे लागले.

चूक कोठे झाली? आधी रोगाची परीक्षा, मग औषधाची योजना, हा चरकांचा क्रम आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. येथे परीक्षा झालीच नाही, थेट चिकित्सा झाली. अ‍ॅक्सेसच्या दुरुस्तीत बिघडलेल्या कोष्टकातील काही मजकूर छाटला जाऊ शकतो. याच कंपनीच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तपासणीसाठी 'डीबीसीसी चेकडीबी' ही स्वतंत्र आज्ञा आहे. तिच्यासोबत मिळणाऱ्या सर्वांत तीव्र दुरुस्तीचे नावच 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' असे आहे. नावातच उपद्रव सांगणारे असे औषध आमच्या तरी पाहण्यात नाही! शक्य असेल तेथे आधीची चांगली प्रत परत आणावी, दुरुस्ती हा शेवटचा उपाय समजावा, असा निर्मात्यांचाच सल्ला आहे.

लहान चिकित्सालयांच्या कार्यक्रमांत व भ्रमणध्वनींत एसक्यूलाइट हा डेटाबेसही आढळतो. रिचर्ड हिप यांनी तो 2000 मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्याची 'इंटिग्रिटी चेक' ही आज्ञा फाइलची पाने, नोंदींचा क्रम, सूची व कोष्टक यांचा मेळ तपासते आणि दोष न आढळल्यास 'ओके' एवढेच म्हणते. या एका शब्दावर आपण निश्चिंत होणे हेच आम्हांस घातक वाटते. कारण एखादी औषधयोजना अस्तित्वात नसलेल्या रुग्णाच्या क्रमांकाशी जोडलेली असली, तरी ही आज्ञा 'ओके'च म्हणेल. ते पाहण्यास 'फॉरेन की चेक' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. आणि 125 मिलिग्रॅमऐवजी 1250 लिहिले गेले असेल, तर या दोन्हींपैकी एकही आज्ञा ते सांगणार नाही. धातू शाबूत आहेत एवढे यंत्र सांगते. नोंद खरी आहे की नाही, हे वैद्यालाच पाहावे लागते.

हे काम तंत्रज्ञाचे, आपले नव्हे, असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. औषधनिर्मिती दुसऱ्याने केली तरी सिद्धिलक्षणे आपण पाहतोच. तपासणीची आज्ञा एका कळीवर आणून देण्यास विक्रेत्याला सांगणे अवघड नाही. लहान चिकित्सालयाच्या फाइलीवर ती थोडक्या वेळात आटोपते. महिन्यातून एकदा, अमावास्येला केली तरी हरकत नाही, पण करावी. तत्पूर्वी प्रत काढावी. जुन्या प्रतीवर नवी चढवू नये, कारण बिघडलेल्या फाइलीची प्रतही बिघडलेलीच असते. अधूनमधून एखादी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि चार-पाच रुग्णांच्या नोंदी त्यांच्या हातातील चिठ्ठ्यांशी ताडून पाहाव्यात.

ते ज्येष्ठ सभासद आता रसकल्प सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख एका लहान वहीतही लाल शाईने लिहितात. तरुण सहकारी त्यावर हसतात. आम्ही मात्र तशीच एक वही आणून ठेवली आहे.