लस आहे, पण रात्री, वाडीजवळ?

पुणे जिल्ह्यात औषधांचे दुर्भिक्ष आहे असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. जगाला लशी पुरविणारा कारखाना याच जिल्ह्यात आहे आणि सर्पदंशावरील लस (खरे तर प्रतिविष, पण रूढ शब्द लस हाच) दीर्घकाळ बनवीत आलेली हाफकिन ही संस्था शेजारच्या मुंबईत. तरीही आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकराकडील किंवा जुन्नरच्या नाणेघाटाकडील एखाद्या वाडीत भाताच्या आवणीच्या दिवसांत कोणाला साप चावला, तर घरच्यांना पहिली चिंता पडते ती गाडीची.

२००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर एकच लस दिली जाते. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून विनामूल्य आहेत. कागदावर उणे असे काही नाही.

उणीव आहे ती तासांची. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना फारशी होत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडखळतो. अशा रोग्यास आरंभीच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात. आरोग्य केंद्रात चारच असतील तर त्या असून नसल्यासारख्या. दहा असल्या तरी लशीची तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्यास ती एकट्याने सावरण्याचे धैर्य नवख्या डॉक्टरास होत नाही. तो ‘पुढे न्या’ असे लिहून देतो. त्याला दोष देणे सोपे आहे, त्याला शिकविणे सरकारचे काम आहे. मग घोडेगाव, मंचर, शेवटी पुण्याचे ससून. विष वाटेत थांबत नाही.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत याच भागात वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रोगी वाचवीत आले आहेत. तेव्हा हे अशक्यकोटीतील नाही.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणावयाचे, असे केंद्राच्या २०२४ च्या कृती आराखड्यात म्हटले आहे. त्यासाठी एकूण खरेदीचे आकडे जाहीर करून भागणार नाही. डोंगरातील प्रत्येक केंद्राच्या दारावर मे महिन्यातच फलक लागावा: कुप्या किती, मुदत केव्हापर्यंत, आणि लस देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर रात्री तेथे राहतो काय. भुकटीच्या लशीस शीतपेटीची गरज नसते. तेव्हा वीज गेल्याची सबबही चालू देऊ नये. ग्रामसभेने हा फलक मागावा, आणि तो वाचून दाखविण्याचे काम गावच्या शिक्षकाने करावे.