सही पुसलेली चित्रे

चित्राची चोरी ही भांड्याकुंड्यांच्या चोरीहून निराळ्या जातीची आहे. भांडे गेले की धन्याच्या फडताळात रिकामी जागा दिसते; चित्र चोरीला गेले तरी ते चित्रकाराच्या घरी जसेच्या तसे असते. मालकाचे काही उणे झाल्याचे दिसत नाही, म्हणून नेणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटत नाही आणि पाहणाऱ्यालाही ती तशी भासत नाही. इंटरनेटवरून आज चित्रांची जी सर्रास उचलाउचल चालते तिच्या मुळाशी मुख्यतः हीच मनोवृत्ती आहे. तालुक्याच्या गावातील एखाद्या कलाशिक्षकाने शिवजयंतीनिमित्त काढलेले चित्र रात्री इन्स्टाग्रामवर टाकावे आणि आठवड्याच्या आत ते, कोपऱ्यातील सही कापून, चौकातल्या फलकावर कुणा पुढाऱ्याच्या छबीशेजारी झळकावे किंवा टी-शर्टवर छापून विक्रीस यावे, यात आता कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. विचारणा केलीच तर ‘गुगलवर मिळाले’ एवढे उत्तर पुरेसे समजले जाते. काही सज्जन तर चित्राखाली ‘सौजन्य : गुगल’ असेही छापतात, जणू गुगल नावाचा कोणी उदार चित्रकार असून त्याने आपली सारी चित्रे लोकांना दान करून टाकली आहेत!

हे दुखणे संगणकाने आणले असे मात्र नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी आल्ब्रेख्त ड्यूररच्या ठशांच्या चित्रांच्या हुबेहूब नकला मार्कान्तोनियो रायमोंदी या इटालियन कारागिराने केल्या, आणि ड्यूररचे प्रसिद्ध बोधाक्षरही त्यांवर कोरले. वासारीने सांगितलेल्या हकिगतीनुसार ड्यूररने व्हेनिसच्या सत्ताधीशांकडे दाद मागितली, तेव्हा त्याला मिळाले ते इतकेच की, रायमोंदीने यापुढे ड्यूररची सही वापरू नये. चित्राची नक्कल करण्यास मनाई झाली नाहीच. पुढे इंग्लंडात विल्यम होगार्थने नकलाकारांना कंटाळून पार्लमेंटकडे धाव घेतली, १७३५ साली खोदचित्रांच्या संरक्षणाचा कायदा करून घेतला आणि तो अमलात येईपर्यंत आपली नवी चित्रमालिका प्रसिद्ध करण्याचे लांबणीवर टाकले. कायदा आधी आणि प्रसिद्धी नंतर, हे शहाणपण त्याला अनुभवाने आले होते. आजच्या चित्रकाराला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्याची अडचण वेगळीच आहे.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ‘कलाकृती’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती मोठी उदार आहे. चित्र, रेखाटन, शिल्प, छायाचित्र, नकाशा, आराखडा हे सारे तीत येते, आणि त्यात कलागुण असोत वा नसोत, संरक्षण मिळतेच. कागदावर रेघ उमटली त्या क्षणी हक्क निर्माण होतो. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. सामान्य कलाकृतीसाठी पाचशे रुपये शुल्क भरून ती करता येते, आणि तिची नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते; परंतु नोंदणी नाही म्हणून हक्कच नाही, हा समज निराधार आहे. खाद्यतेलाच्या वेष्टनावरील चित्रासंबंधीच्या एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. ‘वीस टक्के फेरफार केला की चित्र आपले’ असाही एक समज छपाईच्या धंद्यात मुरलेला आहे. असे कोणतेही प्रमाण कायद्यात नाही. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निखालस वाटते काय, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या १९७८ मधील खटल्यात घालून दिली आहे. त्याच निकालाने हेही सांगितले की, कल्पनेवर किंवा विषयावर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. पावसातल्या वारीचे चित्र कोणीही काढावे. पण अमुक चित्रकाराने काढलेली ती वारी दुसऱ्याने उचलू नये.

हक्क इतका स्पष्ट असताना तो हातचा जातो कोठे? तो पुष्कळदा चोराच्या आधी चित्रकाराच्या स्वतःच्या अज्ञानानेच जातो. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो, असे कायद्याचे सतरावे कलम म्हणते. ग्राहकाने दोन हजार रुपये देऊन काढवून घेतलेले चित्र त्याने पुढे दिनदर्शिकेवर छापले, तर चित्रकाराच्या हाती फारसे काही उरत नाही. दोन ओळींचा लेखी करार असता तर उरले असते. पण ओळखीच्या माणसाशी करार करणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. याहून अवघड खोडा पंधराव्या कलमात आहे. एखादी रचना डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी असून ती नोंदवली नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रप्रक्रियेने तिच्या पन्नासाहून अधिक वस्तू निघाल्या, तर तिच्यावरील कॉपीराइट संपतो. आपली नक्षी साड्यांवर, कपबश्यांवर छापून पोट भरू पाहणाऱ्या होतकरू कलावंतांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? चित्र आणि डिझाइन यांच्यामधली रेघ कोठे ओढावी यावर सर्वोच्च न्यायालयालाही २०२५ मध्ये पुन्हा एकदा विचार करावा लागला, यावरून विषयाची गुंतागुंत ध्यानी यावी.

मग सावधगिरी कोणती बाळगावी? चित्र लहान आकारात टाकावे हा पहिला उपाय. लांबीला हजारभर बिंदूंचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर देखणे दिसते, पण फलकाएवढे वाढवले की फाटते. सही कोपऱ्यात न करता रेषांच्या गर्दीत, कापता येणार नाही अशा जागी करावी. चित्रावर आडवे फिकट नाव टाकण्याची पद्धत कुरूप आहे, आणि आजची साधने ते नाव मिनिटभरात पुसूनही टाकतात; तथापि ते पुसणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. लेखकाचे नाव सांगणारी अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरवला आहे. सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे: कच्ची रेखाटने, मधल्या पायऱ्या, संगणकावरील थरांसह मूळ फाइल, तारखा. नक्कल करणाऱ्याकडे शेवटचे चित्र असते, पण त्याच्या आधीचे काहीच नसते. वादाच्या वेळी हा फरक सहीपेक्षा जास्त बोलतो. आपले चित्र कोठे कोठे फिरते आहे हे चित्रावरूनच शोधून देणाऱ्या टिनआयसारख्या सोयी फुकट उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग महिन्यातून एकदा करण्यास हरकत नसावी.

चोरी सापडली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने छत्तीस तासांत मजकूर रोखावा, आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करण्यास त्याला मोकळीक राहावी, अशी तरतूद २०१३ च्या नियमांत आहे. म्हणजे खालच्या माणसाला तीन आठवड्यांत न्यायालय गाठावे लागणार! मायस्पेसच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली असेही म्हटले की, नेमकी कोणती कृती आणि कोठे, हे तक्रारदाराने दाखवून दिले पाहिजे. मोघम तक्रार चालणार नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. पण एकाच चित्राच्या प्रती पंचवीस ठिकाणी फुटल्या असतील तर प्रत्येकीचा पत्ता शोधून कळवण्याचे काम त्या एकट्या माणसाचे, आणि दिवसभर त्याला शाळेत तास घ्यायचे असतात.

चित्रकार जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा बासष्टाव्या कलमाने दिली आहे. जळगावच्या कलावंताला तिरुपूरच्या कारखानदारामागे तामिळनाडूत जावे लागत नाही. ही तरतूद दूरदृष्टीची खरी. परंतु वकिलाची फी, वर्षानुवर्षांच्या तारखा आणि हाती पडणारी रक्कम यांचा मेळ बसत नसल्याने दावा लावला जातच नाही, आणि नक्कल करणाऱ्याला हे गणित पक्के माहीत असते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकले गेले म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी सरकारवर दावा केला. त्याचा निकाल लागला २००५ मध्ये. न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत देवविले, पाच लाखांची भरपाई दिली, आणि कृती विकल्यावरही कलावंताचा तिच्याशी संबंध तुटत नाही हे तत्त्व ठामपणे सांगितले. तत्त्व अमोल आहे. त्यासाठी एवढा काळ तग धरू शकणारे कितीजण असतात हाच प्रश्न. अमेरिकेने २०२२ पासून तीस हजार डॉलरपर्यंतच्या अशा तंट्यांसाठी वकिलाशिवाय चालू शकणारे छोटे मंडळ सुरू केले. आपल्याकडे मात्र प्रवास उलट दिशेने झाला: जुने कॉपीराइट मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या अपील मंडळात विलीन झाले, आणि ते अपील मंडळही २०२१ मध्ये मोडीत निघाले. ग्राहक मंचांनी सामान्य गिऱ्हाइकाला जे दिले ते सामान्य चित्रकाराला देता येणार नाही, असे मानण्यास काही सबळ कारण दिसत नाही.

या साऱ्यावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांची भर पडली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायन’ या संग्रहात इंटरनेटवरील पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णने होती. चित्रे घडवणारी यंत्रे अशा साठ्यांवर शिकली. परवानगी कोणी मागितली नाही. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीत आपली छायाचित्रे बदलून घेण्याची लाट घरोघर आली, तेव्हा धाटणीवर कोणाची मालकी नसते हे जुने तत्त्व एकाएकी फार अपुरे वाटू लागले. एका हाताने आयुष्यभरात कमावलेली धाटणी दुसऱ्या हाताने शिकावी, हे परंपरेला मान्य होते, कारण शिकणाऱ्याचेही त्यात आयुष्य जात असे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ग्लेझ’ नावाचे साधन फुकट दिले. चित्रात डोळ्यांना न जाणवणारे फेरफार करून ते यंत्राला चकवते. त्यावरही तोड निघाली आहेच. लंडनच्या न्यायालयात गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेचा दावा नोव्हेंबर २०२५ मध्ये बव्हंशी फेटाळला गेला. तिला थोडेफार यश मिळाले ते यंत्राने घडवलेल्या काही चित्रांत तिची नाममुद्रा उमटली होती म्हणून. ड्यूररला व्हेनिसमध्ये मिळालेल्या न्यायाची आठवण यावी असाच हा निकाल! भारत सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये काढलेल्या टिपणात यंत्रांना शिकण्यासाठी सक्तीचा परवाना आणि निर्मात्यांना मानधन, अशी वाट सुचवली आहे. नकार देण्याचा हक्क काढून घेऊन मोबदल्याचा हक्क देणे हा सौदा गायनसंस्थांना कदाचित परवडेल. कोणत्याही संस्थेचा सभासद नसलेल्या चित्रकाराच्या खात्यात त्यातले किती रुपये पोचतील, हे आधी सांगितले जावे.

वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणून ती सुरक्षित झाली असेही समजू नये. त्या नोंदणीने नावाचे रक्षण होते, आकृतीचे नव्हे. ‘वारली’ हा शब्द टाळून तेच त्रिकोणी नर्तक कपबश्यांवर छापणाऱ्याला ती फारशी अडवत नाही, आणि एका माणसाची निर्मिती शोधणाऱ्या कॉपीराइट कायद्याला साऱ्या जमातीची पिढीजात रेषा दिसतच नाही.

शाळांमध्येही या प्रश्नाकडे अजून कोणी पाहिलेले नाही. फळ्यावरील सुंदर रेखाटनांची छायाचित्रे शिक्षकांच्या गटांतून फिरतात आणि दुसऱ्याच जिल्ह्यातील शिक्षकाच्या नावाने परत येतात. चित्रकला स्पर्धांच्या पत्रकात ‘सर्व चित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ अशी ओळ ठरलेली असते. हक्क हस्तांतरित व्हायचा तर कर्त्याची सही असलेला लेख लागतो, असे एकोणिसावे कलम सांगते. अज्ञान मुलाला करार करता येत नाही, हे करारांचा कायदा १८७२ पासून सांगत आला आहे. तेव्हा सहावीतल्या मुलीने काढलेल्या बैलपोळ्याच्या चित्राचा हक्क त्या मुलीचाच असतो, आणि शाळेच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर ते छापताना तिचे नाव आत कोठेतरी नव्हे, चित्राखालीच यावयास हवे.