आतड्यातले ठसे नेमके कोणाचे?

‘पोटातल्या जिवाणूमुळे तरुणांना कॅन्सर’ अशा अर्थाची बातमी तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून ही बातमी वेगवेगळ्या मथळ्यांनी फिरतेय. कुणी तिच्यावर रील केलं, कुणी खाली प्रोबायोटिक कॅप्सूलची लिंक टाकली. मेसची भाजी, टपरीवरचा वडापाव आणि रात्री अकराची मॅगी यांवर जगणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींच्या पोटात गोळा येणं साहजिकच. पण सगळा घोळ मथळ्यातल्या शब्दांचा आहे. ‘आढळलं’ आणि ‘त्यामुळे होतं’ यांत बरंच अंतर असतं. मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला हे शिकवतात आणि मथळा देताना नेमकं तेच विसरलं जातं.

आधी काय आढळलं ते बघू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाने इतर देशांतल्या संशोधकांसोबत ११ देशांमधल्या ९८१ रुग्णांच्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी घेतल्या आणि त्यांचा संपूर्ण डीएनए वाचून काढला. डीएनए बिघडतो तेव्हा बिघडवणारा आपली खूण मागे ठेवून जातो. सिगारेटच्या धुराची खूण वेगळी, उन्हाची वेगळी. या गाठींमध्ये कोलिबॅक्टिन नावाच्या विषाची खूण सापडली. चाळिशीच्या आत आजार झालेल्यांमध्ये ती सत्तरीनंतर आजार झालेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त होती. हे विष ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकार तयार करतात. आणखी एक गोष्ट म्हणजे, खुणा कोणत्या क्रमाने उमटल्या यावरून हा घाव बालपणीच, वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच बसत असावा असा या गटाचा अंदाज आहे. म्हणजे काल रात्रीच्या मॅगीचा याच्याशी काही संबंध दिसत नाही. (मॅगीला क्लीन चिट दिलेली नाही, तो वेगळा विषय.)

आता मला सगळ्यात भारी वाटलेला भाग. गाठीवर कुणाचं नाव तर लिहिलेलं नसतं, मग ही खूण कोलिबॅक्टिनचीच हे कळलं कसं? त्याचं उत्तर एका प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या आतड्यांमध्ये आहे.

आपल्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरात बारीक बारीक खळगे असतात, त्यांच्या तळाशी मूळ पेशी बसलेल्या असतात आणि त्या सतत नव्या पेशी वर पाठवत राहतात. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्तमधल्या ह्युब्रेख्त इन्स्टिट्यूटमध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातली अशी एकच मूळ पेशी घेतली, जेलीसारख्या पदार्थात ठेवली, तिला वाढीसाठी लागणारी प्रथिनं दिली. त्या एका पेशीतून आतड्याच्या अस्तराची छोटीशी प्रतिकृती उभी राहिली. खळगे होते, वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होत्या, मधे पोकळी होती. दोन वर्षांत माणसाच्या पेशींपासूनही हे जमलं. याला ऑर्गनॉइड म्हणतात, लाडाने ‘मिनी-गट’.

२०२० मध्ये क्लेव्हर्स यांच्याच गटाने माणसाच्या निरोगी पेशींपासून वाढवलेल्या अशा मिनी-गटच्या पोकळीत अगदी बारीक सुईने जिवाणू सोडले. काहींमध्ये कोलिबॅक्टिन बनवणारा ई. कोलाय. काहींमध्ये त्याचाच भाऊ, पण विष बनवणारं यंत्र मोडून ठेवलेला. एकदा सोडून भागलं नाही, तब्बल पाच महिने पुन्हा पुन्हा सोडत राहावं लागलं. नंतर दोन्हीकडच्या पेशींचा डीएनए वाचला. विषवाल्या जिवाणूच्या पेशींमध्ये एक ठरावीक प्रकारचा बिघाड वारंवार दिसला. डीएनएच्या अक्षरमालेत जिथे ‘ए’ आणि ‘टी’ची गर्दी असते तिथेच अक्षरं बदललेली, नाहीतर एखादा ‘टी’ गळालेला. भावाच्या पेशींमध्ये तो ठसा नव्हता. मग हा ठसा ५,८७६ कॅन्सर रुग्णांच्या डीएनएशी जुळवून पाहिला. काहींमध्ये तो जुळला आणि जुळला तो प्रामुख्याने आतड्याच्या कॅन्सरमध्येच. पोलिसांकडे संशयिताच्या बोटांचे ठसे आधीच असावेत, तसं झालं. २०२५च्या संशोधनाला ही खूण ओळखता आली ती या पाच महिन्यांच्या कामामुळे.

पण पोलिसांचीच उपमा पुढे नेली तर घरात ठसे सापडले म्हणून खून त्यानेच केला असं होत नाही. त्या मिनी-गटमध्ये रक्तवाहिन्या नव्हत्या, रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या आणि तुमच्या-माझ्या पोटात एकमेकांना धक्के मारत नांदणारे शेकडो प्रकारचे इतर जिवाणूही नव्हते. शिवाय कोलिबॅक्टिन बनवणारे ई. कोलाय ठणठणीत माणसांच्या पोटातही सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना आतड्याचा कॅन्सर कधीच होत नाही. हे विष काही गाठींच्या सुरुवातीला हातभार लावत असावं, याचे पुरावे आता चांगले जमलेत. पण तरुणांमधल्या वाढीचं ‘हेच कारण’ म्हणायला अजून वाव नाही, आणि लठ्ठपणा, दारू, तंबाखू हे जुने संशयित काही सुटलेले नाहीत.

आणि हा किस्सा ऐका. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरने एका सैनिकाच्या पोटातून ई. कोलायचा एक प्रकार वेगळा काढला. आजूबाजूचे सैनिक जुलाबांनी हैराण होते, याला काही झालं नव्हतं. ‘निसले १९१७’ नावाचा तो जिवाणू जर्मनीत आजही प्रोबायोटिक औषध म्हणून मिळतो. त्याच्याकडेही कोलिबॅक्टिन बनवणारा तोच जनुकसंच आहे! लगेच तो विषारी ठरवायची घाई नको, पण ‘चांगले बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया’ अशी रीलमधली सरळ वाटणी पोटात चालत नाही, एवढं यातून दिसतं.

म्हणूनच घरबसल्या शौचाचा नमुना पाठवा, मोबाइलवर ‘गट स्कोअर’ मिळवा, अशा किटबद्दल मला शंका आहे. नमुन्यात कोणते जिवाणू आहेत हे मशीन सांगू शकतं. शंभरपैकी ६२ गुण म्हणजे तुमच्या तब्येतीचं काय, हे मात्र विज्ञानाला अजून ठरवता आलेलं नाही. स्कोअर छापणाऱ्याला ते कुठून कळलं? त्यात तुलना कुणाशी होते हाही प्रश्नच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगभरच्या खुल्या माहितीसाठ्यांमधले, देश माहीत असलेले ७१ टक्क्यांहून जास्त नमुने युरोप, अमेरिका आणि कॅनडा इथले निघाले. आपलं पोट त्यांच्यासारखं नाही. आपलं पोट एकसारखंही नाही. आयसर भोपाळच्या गटाने २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या निरोगी लोकांची तुलना केली, तर शाकाहारी जेवणाच्या भोपाळकडे एक मांडणी आणि मासे-मांस खाणाऱ्या केरळात दुसरी.

२०२५च्या संशोधनातल्या त्या ११ देशांमध्ये इराण होता, थायलंड होता, ब्राझील होता. भारत नव्हता. आपल्याकडे एकूण आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे हे खरं. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वय ४७च्या आसपास निघालं. आपली लोकसंख्याच तरुण आहे, शिवाय एका मोठ्या रुग्णालयात येणारे रुग्ण म्हणजे अख्खा देश नव्हे, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचायचा. तरी त्या तरुण गाठींवर कोलिबॅक्टिनचा ठसा आहे की दुसऱ्याच कशाचा, हे इथल्या गाठी मोठ्या संख्येने वाचल्याशिवाय कळणार नाही. जिवाणू सांभाळायची सोय आपल्याकडे आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा जिवाणूंचा मोठा साठा २००९ पासून उभा राहतोय. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोइन्फर्मेटिक्स करणाऱ्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर इकडे बघा.

बाकीच्यांसाठी कामाची गोष्ट किटमध्ये नाही, संडासात आहे. शौचावाटे रक्त जाणं, आठवडेच्या आठवडे बिघडलेली शौचाची सवय, कारण नसताना घटणारं वजन, रक्त तपासल्यावर लोह कमी निघणं. बहुतेक वेळा यामागे साधंच काहीतरी असतं. पण ‘मूळव्याधच असेल’ म्हणून मित्राने सुचवलेलं मलम सहा महिने लावत बसणं, आणि लाजेपायी घरी न सांगणं, हे आपल्या वयात सर्रास चालतं. अमेरिकेने २०२१ मध्ये या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. तुम्हाला कुणी तपासायला बोलावणार नाही, त्यामुळे रक्त दिसलं तर आधी डॉक्टरांकडे जा आणि किती दिवसांपासून हे चाललंय ते खरं सांगा.