औषध कंपनीतील डॉक्टर

डॉक्टर म्हटला की गळ्यात स्टेथोस्कोप, समोर रोगी आणि दाराशी रांग, हेच चित्र आपल्या समाजाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही चौकट सोडून औषध कंपनीच्या वैद्यकीय विभागात नोकरी पत्करणारा तरुण 'शिकून वाया गेला' असे घरचेही म्हणतात. आम्हांस हा दृष्टिकोन अन्यायाचा वाटतो. पण ही वाट निर्धोक आहे असे मानणेही भोळेपणाचे ठरेल.

देशात एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखावर गेल्या आहेत, पदव्युत्तर जागा मात्र त्या मानाने कमी. तेव्हा तरुण डॉक्टरांनी अन्य क्षेत्रे शोधावीत हे स्वाभाविकच होय. तेथील कामही दुय्यम नव्हे. औषधाच्या माहितीपत्रकातील दाव्याला शास्त्राचा आधार आहे की नाही हे वैद्यकीय सल्लागार पाहतो. कोणी दुष्परिणामांच्या नोंदी तपासतो, कोणी मानवी चाचण्यांतील सुरक्षिततेवर लक्ष ठेवतो. दवाखान्यातला डॉक्टर एका वेळी एकच रोगी पाहतो. येथे वेळीच दिलेला एक इशारा लक्षावधींना वाचवू शकतो. संधिवातावरील 'वायॉक्स' हे औषध 1999 मध्ये बाजारात आले आणि हृदयविकाराचा धोका स्पष्ट झाल्यावर 2004 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. मधल्या पाच वर्षांत ते किती जणांच्या पोटात गेले असेल याचा विचार केला, म्हणजे या खुर्चीचे मोल कळते.

अडचण आहे ती वेगळीच. या डॉक्टरचा पगार कंपनी देते आणि कंपनीला हवी असते विक्री. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च करातून वजा करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. मार्च 2024 च्या केंद्रीय आचारसंहितेने भेटवस्तू व सहलींना मनाई केली. मात्र तक्रारींचा पहिला निवाडा उत्पादकांच्याच संघटनांकडे सोपविला! अशा वेळी भेटवस्तूंचे दार बंद होऊन 'शास्त्रीय चर्चे'च्या खिडकीतून तोच माल आत येण्याची धास्ती आहे, आणि त्या खिडकीशी उभा असेल तो हाच तरुण डॉक्टर.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. वेर्णेसारख्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत आणि 1842 पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा बांबोळीचे महाविद्यालय चालवीत आहे. या दोहोंची सांगड घालून औषधसुरक्षेचे रीतसर प्रशिक्षण येथेच का मिळू नये? आमची सूचना एवढीच की, वैद्यकीय विभाग विक्री विभागाच्या हाताखाली असू नये, सल्लागाराचे वेतन खपावर ठरू नये आणि चुकीच्या दाव्यावर सही नाकारण्याचा त्याचा हक्क लेखी असावा. नोकरी स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरने या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पगाराचा आकडा त्यानंतर पाहावा. सही नाकारता येत नसेल, तर त्या खुर्चीवर डॉक्टर बसला काय आणि विक्रेता बसला काय, रोग्याच्या दृष्टीने सारखेच.